पावलागणिक

ट्रे पडला तेव्हा मी बोलत होते, एवढंच मला नक्की आठवतं.

आमच्या निर्जंतुकीकरण विभागापासून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंतचा बोळ माझ्या पायांनी बेचाळीस पावलांचा. सकाळचे हत्यारांचे सेट ट्रॉलीतून जातात. मधेच एखादा लागला तर तो हातात न्यायचा, आणि जिने बांधला तिनेच न्यायचा, हा आमच्याकडचा जुना नियम. बांधणारीने चिमटे, कात्र्या मोजून हिरव्या कापडात गुंडाळायच्या, वाफेच्या यंत्रातून बाहेर काढल्यावर निर्जंतुक झाल्याची खूण म्हणून पट्टीवर काळ्या रेघा उमटल्यात ना ते बघायचं, आणि थिएटरच्या दारात सिस्टरच्या हाती देताना तोंडाने आकडा सांगायचा. "चोवीस." तिनेही म्हणायचं, "चोवीस." आत पोट शिवायच्या आधी ते चोवीस पुन्हा मोजले जातात. मधे तिसरा हात आला की आकडा हलतो. एकवीस वर्षांत माझा आकडा हलला नव्हता.

सोमवारी दुपारी सिस्टर दारातूनच ओरडली, "ताई, मोठी कात्री टाकलीत ना यात? सर विचारतायत."

"टाकलीय. दोन टाकल्यात," मी चालता चालता म्हणाले. 'दोन' म्हणेपर्यंत डाव्या पायाचा अंगठा फरशीला घासला, गुडघा आतल्या आत दुमडला आणि ट्रे हातातून गेला. कापड सुटलं. चोवीस वस्तू बोळभर पसरल्या. त्यातली एक कात्री गोल फिरत थेट सिस्टरच्या पायाशी जाऊन थांबली.

आत एक माणूस टेबलावर होता. भूल दिलेली होती, अजून कापलेलं नव्हतं, हीच देवाची कृपा. दुसरा सेट येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ मी खाली बसून चिमटे गोळा करत होते आणि मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी बोलावून दार लोटून घेतलं.

"तुमचा आजार तुम्ही माझ्यापासून लपवला नाहीत, म्हणून तीन वर्षं मीही गप्प आहे," त्या म्हणाल्या. "पण आज एक माणूस अकरा मिनिटं उगाच बेशुद्ध राहिला. उद्या कापलेला असेल. मग?"

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मला नीट उच्चारता यायलाच महिना लागला होता. मेंदूकडून पायाला निघालेला निरोप वाटेत अडखळतो, कधी उशिरा पोचतो, कधी अर्धाच पोचतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"फिजिओकडे जा. चालण्याची चाचणी करून घ्या. शनिवारपर्यंत कागद माझ्या टेबलावर हवा, तोवर रजेवर राहा. तो काय म्हणेल ते आपण दोघींनी ऐकायचं. चालता येत नसेल तर लाँड्रीच्या खिडकीत बसा, चादरींच्या नोंदी करा. पगार तोच राहील."

पगाराचा प्रश्न नव्हता. नेता येत नसेल तर बांधायचंही नाही, असा त्या नियमाचा सरळ अर्थ होता. एकवीस वर्षं माझ्या हाताखालून गेलेली हत्यारं मला डोळे मिटून ओळखता येतात, ती आता दुसरीकडे जाणार होती.

बुधवारी फिजिओकडे गेले. माझ्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी असेल ती. लांबट खोली, फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, मधे दहा मीटर अंतर.

"इतर लोकांचं चालणं आपोआप होतं," तिने सांगितलं. "तुम्हाला प्रत्येक पावलाकडे थोडं लक्ष द्यावं लागतं, तुम्हाला कळो न कळो. ते लक्ष दुसरीकडे गेलं की पाय मागे राहतो. सोमवारी तेच झालं असेल. म्हणून आपण दोन प्रकारे चालायचं. आधी नुसतं. मग शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्याने. नुसतं चालणं अकरा सेकंदांच्या आत आलं आणि वजाबाकीने बिघडलं, तर मी लिहून देईन की पाय कामाचा आहे, फक्त सेट नेताना यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पण नुसतंच अकराच्या वर गेलं, तर मला तसं लिहावं लागेल."

"समजलं."

"नुसतं म्हणजे अगदी नुसतं हं, ताई. लोक मनात गाणी म्हणतात, घरचा विचार करतात. तसलं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

नुसतं चालले, तेरा पूर्णांक आठ. सात वजा करत चालले, चौदा पूर्णांक एक.

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन्ही सारखंच? असं होत नाही हो. वजाबाकीने काहीच बिघडत नाही, म्हणजे मुळातच..." पुढचं तिने गिळलं. "थकला असाल. शुक्रवारी पुन्हा या. कुणाला तरी सोबत आणा. तेव्हा नुसतं चालायच्या दोन संधी देते आणि एकदा वजाबाकी. त्यापुढे पाय दमतो आणि आकडे खोटे येतात. शुक्रवारचा कागद मात्र शेवटचा."

घरी आले तर लेक स्कूटरची किल्ली बोटात फिरवत दारातच उभी. एकोणीस वर्षांची आहे, पण घरातून बाहेर पडताना अजून वादळासारखी पडते.

"काय झालं, पास का नापास?"

"शुक्रवारी परत बोलावलंय. तू येशील सोबत?"

"येईन. पण रस्त्यात बोलणार असशील तर. तुझ्याबरोबर चालणं म्हणजे खांबाबरोबर चालणं. आपण दहा वाक्यं बोलायची आणि तू 'हं'."

"हं," मी म्हणाले.

"बघितलंस, आजी?"

सासूबाई पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्या हसल्या. लेक गेली. स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला आणि लांब जाऊन विरला. मग मी त्यांच्याजवळ बसून चाचणीत काय काय झालं ते सांगितलं. नवरा मालाचा ट्रक घेऊन बाहेर गेला की असं सगळं मी त्यांनाच सांगते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वजाबाकी करत चाललीस ते कळलं. आणि नुसतं चालताना काय करत होतीस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नेहमीसारखी चालले."

सासूबाईंचा अंगठा शेंगेत तसाच थांबला. "नेहमीसारखी म्हणजे? नाम घेत?"

"ते तर असतंच ना."

माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं.

लेक सातव्या महिन्यात झाली. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. आमच्याच रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाळंतपणानंतर मला हिंडायची परवानगी नव्हती, तरी मी भिंतीला धरून माझ्या खाटेपासून त्या पेटीपर्यंत जायची. सासूबाई म्हणाल्या होत्या, पावलागणिक नाम घे, एकही पाऊल रिकामं टाकू नकोस. मी घेतलं. सतरा दिवस. अठराव्या दिवशी तिला पेटीतून काढून माझ्या अंगावर दिलं, तेव्हा मी मनात म्हणाले, ही जगली, आता यापुढे माझं एकही पाऊल नामाशिवाय पडणार नाही.

एकोणीस वर्षं पडलं नव्हतं. भाजी आणताना, जिना चढताना, त्या बोळातली बेचाळीस पावलं टाकताना. सुरुवातीला लक्ष द्यावं लागे, मग लागेनासं झालं. श्वास घेतो म्हणून कुणी सांगत नाही, तसं मी फिजिओला सांगितलं नाही. मला ते काम वाटतच नव्हतं.

"म्हणजे मी नुसती चाललेच नाही कधी," मी म्हणाले.

सासूबाईंनी वाटाणे बाजूला सरकवले. "घे म्हणून मीच सांगितलं होतं. सोड म्हणून सांगायला माझी जीभ वळत नाही गं. तुझं तू बघ."

मला वाटलं होतं त्या मला यातून सोडवतील. त्यांनी सोडवलं नाही.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून बघितलं. ठरवलं, आता घ्यायचं नाही. तीन पावलं गेली. चौथ्याला ते आपसूक वर आलं, दूध वर येतं तसं. मी थांबले. परत मागे गेले. आता पाचव्याला. ते दाबून धरायचं म्हटलं की सगळा जीव त्या दाबण्यातच जाई आणि पाय पहिल्यापेक्षा जास्त ओढला जाई. तेवढ्यात बाहेर लेकीने स्कूटर चालू केली. त्या आवाजाबरोबर छातीत असं काही लक्कन हललं की मी दाराला धरून घाईघाईने तीनदा नाम घेतलं, चुकलेल्या पावलांची भरपाई म्हणून. ती संध्याकाळी घरी येईपर्यंत मी जागची फारशी हललेच नाही. आली तेव्हा म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

असं कुणाला सांगितलं तर हसतील. मलाही कळत होतं की लेकीची स्कूटर आणि माझं पाऊल यांचा काही संबंध नाही. कळणं वेगळ्या खोलीत राहतं आणि भीती वेगळ्या.

शुक्रवारी तिनेच मला स्कूटरवरून नेलं. फिजिओने तिला खुर्ची दिली ती नेमकी दुसऱ्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे. म्हणजे मला तिच्याच दिशेने चालायचं होतं. ती मांडीवर हेल्मेट ठेवून मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली.

"नुसतं चाला," फिजिओ म्हणाली. "पहिली संधी."

मी निघाले. नाही घ्यायचं, नाही घ्यायचं. समोर ती. तिच्या केसांतली भांगाची वाकडी रेघ दिसत होती. नाही घ्यायचं. तिसऱ्या मीटरला डाव्या पायाची टाच उचललीच नाही, मी तिरकी झाले, सावरले. घड्याळाचं बटण दाबल्याचा आवाज आला तेव्हा मी घामाने भिजले होते.

"तेरा पूर्णांक चार." फिजिओने घड्याळ खाली ठेवलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "ताई, एक विचारू? तुम्ही चालताना तुमचा चेहरा बघत होते मी. तुमच्या मनात काहीतरी चाललं होतं. आणि जोरात चाललं होतं."

लेक तिथेच होती. ही गोष्ट मी तिला एकोणीस वर्षांत सांगितली नव्हती. केलेलं बोलून दाखवलं की ते आपलं राहत नाही, असं मला वाटायचं. पण आता नुसतं चालायची एकच संधी उरली होती, आणि हे लपवून मिळवलेला खोटा कागद घेऊन त्या बोळात जायचं म्हणजे टेबलावरच्या माणसाशी खेळायचं.

मी सांगितलं. पेटी, सतरा दिवस, पावलागणिक नाम. खालच्या आवाजात, फरशीकडे बघत.

"म्हणजे बुधवारी तुम्ही नुसत्या चाललाच नाहीत!" फिजिओ जवळजवळ ओरडलीच. "दोन्ही वेळा दोन-दोन कामं करत होतात. एकदा नाम, एकदा वजाबाकी. अहो, म्हणून तर आकडे सारखे! मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"मला वाटलं नाही ते काम आहे असं."

"आणि आत्ता?"

"आत्ता घ्यायचं नाही म्हणून धरून ठेवत होते."

"तेही कामच." तिने कपाळाला हात लावला. "तिसरं."

लेकीचा मोबाइल केव्हाच खाली गेला होता. तिचा आवाज आला तेव्हा तो रागावलेला होता. "एक मिनिट. मी लहान असताना शाळेत सोडायला यायचीस, तेव्हा मी बडबडायची आणि तू नुसतं 'हं'. ते यामुळे?"

"हो."

"मला वाटायचं, तुला माझ्या बोलण्यात काही रस नाही. दुसरीत असताना मी आजीला विचारलं होतं, आईला मी आवडत नाही का म्हणून. आणि तू तेव्हा माझ्यासाठीच..." ती थांबली. हेल्मेटचा पट्टा ओढत राहिली. "कमाल आहेस तू. जिच्यासाठी करायचं तिचंच ऐकायचं नाही."

फिजिओ उगाचच कागद नीट करू लागली.

"सोडलंस तर मला काही होईल असं वाटतं ना तुला?" लेकीने विचारलं.

मी मान डोलावली.

ती उठली, माझ्यापर्यंत आली, माझ्या हातात हेल्मेट दिलं आणि परत पिवळ्या पट्टीपलीकडे चालत गेली. तिथून वळून म्हणाली, "बघितलंस? मी चालले. माझी मी. तू काही घेतलंस का मधे?"

खरंच, मी काही घेतलं नव्हतं. मी नुसती तिच्याकडे बघत होते.

"आता तू ये. आणि मी इथे आहे, पेटीत नाही. माझ्याकडे बघू नकोस, पायाकडे बघ."

फिजिओने माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं. "शेवटची संधी, ताई."

मी पट्टीमागे उभी राहिले. धरून ठेवायचं नाही आणि चालताना घ्यायचंही नाही, मग त्याचं करायचं काय? मग मी उभ्या उभ्याच नाम घेतलं. एकदाच, नीट, पूर्ण, ओठ हलवून. चालताना कधी इतकं सावकाश घेतलं नव्हतं. तुझं झालं, मी मनात म्हणाले, आता ही दहा मीटर माझ्या पायाची.

टाच उचल. गुडघा. टेक. टाच उचल.

पायाखालची फरशी मला पहिल्यांदाच दिसली. तिच्यावर बारीक करडे ठिपके होते. डावा पाय जड होता, पण मी बघत होते तोवर तो येत होता, बोलावलेल्या माणसासारखा. मधे कुठेतरी मोठी पोकळी जाणवली, जिना संपल्यावरही आपण एक पायरी शोधतो तशी. तिथे भीती होती. मी तिच्याकडे वळले नाही. टाच. गुडघा. टेक. मग पिवळी पट्टी आली आणि पट्टीपलीकडे लेकीच्या चपला.

"दहा पूर्णांक सात," फिजिओ म्हणाली.

मी लेकीकडे पाहिलं. ती होती तशीच होती. भांग वाकडा, डोळे लाल, नाक पुसत.

"बसू नका, अजून वजाबाकी राहिलीय. तीही बिघडायला हवी, लक्षात ठेवा."

वजाबाकी करत मी शहाऐंशीनंतर अडखळले, एकोणऐंशीला पाय ओढला आणि पंधरा सेकंदांच्या वर गेले.

"फारच वाईट चाललात," फिजिओ म्हणाली. "अभिनंदन." आणि कागदावर लिहू लागली: सेट नेताना यांच्याशी कुणीही बोलू नये, आकडा दारात थांबल्यावरच विचारावा.

स्कूटर गेटबाहेर लावली होती. त्या इमारतीपासून गेटपर्यंत रस्त्याच्या कडेने दिव्यांचे सात खांब आहेत. पाय दमला होता. लेकीने माझा हात धरला नाही, नुसता आपला कोपर पुढे केला. चार पावलं गेल्यावर तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं.

पहिला खांब आला तशी तिने मला थांबवलं. "थांब. आता बोलते." आणि धबधब्यासारखी सुटली. कॉलेज, मैत्रिणीशी झालेलं भांडण, कोण काय म्हणालं. मी तिच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलं. एकदाही 'हं' म्हणाले नाही. मधेच विचारलंसुद्धा, "मग तू काय म्हणालीस?" त्यावर ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली.

तिचं झाल्यावर मी खांबाला हात टेकून माझं घेतलं. तिला कळलं. ती गप्प उभी राहिली. मग "चल" म्हणाली आणि पुढच्या खांबापर्यंत आम्ही दोघी अगदी मुकाट चाललो. येणारेजाणारे बघत होते. यांचं कडाक्याचं भांडण झालंय, असंच त्यांना वाटलं असणार.

चौथ्या खांबाशी ती नखं बघत म्हणाली, "एक मुलगा आहे."

"कोण?"

"पुढच्या खांबाला सांगते. चल."

"अगं, पण कोण? करतो काय?"

"आई. टाच."

पाचवा खांब तीस-पस्तीस पावलांवर होता. मी डोळे पायाकडे वळवले. करतो काय, राहतो कुठे, घरी कोण कोण, सगळं छातीशी येऊन उभं राहिलं होतं. एकोणीस वर्षांचं नाम बाजूला ठेवणं एक वेळ सोपं होतं.

टाच उचल. गुडघा. टेक.